नाताळच्या तोरणासाठी मोसंबी वाळवताना

नाताळसाठी फळांच्या चकत्यांचं तोरण करायचं ठरलं की हात आधी नागपुरी संत्र्याकडे जातो, आणि नेमकं तेच फळ या कामाला सगळ्यात गैरसोयीचं आहे. डिसेंबरात ते स्वस्त असतं, रंगाने देखणं असतं, गाडीवर ढीग लावलेला असतो, त्यामुळे मोह होणारच. पण नागपुरी संत्र्याची साल सैल असते. नखाने सोलता येतं म्हणून ते खायला सोपं, आणि त्याच कारणाने कापायला अवघड. साल आणि फोडी यांच्यामध्ये पोकळी असते, फोडी एकमेकींना जेमतेम चिकटलेल्या असतात. आडवी चकती कापली की सालीची बांगडी एकीकडे आणि फोडींचे तुकडे दुसरीकडे. जे थोडं टिकतं, तेही वाळताना आक्रसतं आणि सालीपासून सुटतं.

फोनवर दिसणाऱ्या देखण्या चित्रांमध्ये, ज्यांत चकतीतून उजेड आरपार जातो आणि फोडींची चाकासारखी नक्षी उमटते, ती फळं वेगळ्या जातीची असतात. युरोप-अमेरिकेत ज्याला गोड संत्रं म्हणतात, त्याची साल फळाला घट्ट धरून असते. आपल्याकडे त्याचा सख्खा भाऊ म्हणजे मोसंबी. जालना आणि छत्रपती संभाजीनगरच्या बागांतली ही मोसंबी डिसेंबरातही बाजारात मिळते, आणि तिची चकती कापली तर गोल राहते, वाळल्यावरही गोलच राहते. तिचा गर फिका, म्हणून वाळून ती केशरी होत नाही. मधासारखा पिवळसर, कडेला तपकिरी असा रंग येतो. मला तो आवडतो. ज्यांना केशरीच हवं त्यांनी माल्टा शोधावा किंवा किन्नो घ्यावं. किन्नो पंजाबातून येतं, त्याची साल नागपुरी संत्र्यापेक्षा घट्ट असते, रंग झकास असतो. फक्त बिया भरपूर. मोसंबी निवडताना साल पिवळी पडलेली पाहून घ्या. हिरवी साल वाळली की मळकट दिसते.

ही रीत मूळची उत्तर युरोपातली. स्ट्रासबुर्गमधल्या १६०५ सालच्या एका वर्णनात लोक घरात देवदाराच्या जातीचं झाड आणून त्यावर रंगीत कागदाची फुलं, सफरचंदं, पातळ बिस्किटं आणि मिठाई टांगतात असं लिहिलं आहे. म्हणजे झाडावर आधी फळं आली. जर्मनीतल्या लाउशा गावच्या काच फुंकणाऱ्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात काचेचे गोळे करायला घेतले, तेव्हा त्या गोळ्यांनी या फळांचीच जागा घेतली. संत्रं तिकडे भूमध्य समुद्राकाठच्या गरम भागातून हिवाळ्यात यायचं आणि महाग असायचं, म्हणून नाताळला मुलाच्या मोज्यात एक संत्रं मिळणं ही चैन होती. ते वाळवून टांगण्यात थंडीतल्या लोकांचा व्यवहारही होता: घरात चूल नाहीतर शेकोटी दिवसभर पेटलेली, हवा कोरडी, त्यामुळे चकत्या तिथेच टांगून वाळायच्या.

आपल्याकडे हा भाग जमत नाही. मुंबई, वसई, गोवा इथे डिसेंबरातही हवेत ओल असते. पण वाळवणाचं ज्ञान आपल्याला कुणी शिकवायला नको. पापड, कुरडया, सांडगे, आमसुलं, आंबापोळी हे सगळं पाणी घालवण्याचंच काम आहे. वसईच्या ख्रिस्ती वाडीत तर फळच वाळवलं जातं. तिथली सुकेळी, म्हणजे सोललेली राजेळी केळी उन्हात वाळवून केळीच्याच सुक्या पानात बांधलेली, ही त्या किनाऱ्याची जुनी खासियत. ती करणाऱ्यांना ऊन किती कडक हवं, केळी कधी उलटायची आणि संध्याकाळी कधी आत घ्यायची हे नेमकं ठाऊक असतं. चकत्यांनाही तीच शिस्त लागते, फक्त आपण ती ओटीजीत पाळणार आहोत.

आता मूळ गोष्ट. संत्रं किंवा मोसंबी यांच्या गरात साधारण ८५ ते ८७ टक्के पाणी असतं. उरलेल्यात बहुतांश साखर, थोडं आम्ल, थोडा चोथा. आपल्याला पाणी काढायचं आहे आणि साखर करपू द्यायची नाही. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात जातात, कारण आच वाढवली तर पाणी लवकर जातं, पण साखर आणि फळातली प्रथिनद्रव्यं यांची प्रक्रिया होऊन चकती तपकिरी पडते; त्याहून जास्त आच झाली तर काळी. आणि घाईचा दुसरा तोटा डोळ्यांना दिसत नाही. बाहेरचा थर पटकन वाळून कडक होतो आणि आतलं पाणी आतच कोंडतं. अशी चकती वरून खणखणीत वाटते, तोरणात दिमाखाने बसते, आणि आठवडाभरात तिच्या मध्यावर करडी बुरशी येते.

म्हणून मंद आच, आणि हवा खेळती. हवा का, हे समजून घेण्यासारखं आहे. २५ अंशांची, ७० टक्के आर्द्रता असलेली मुंबईची हवा ९५ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता ३ टक्क्यांच्याही खाली जाते. पाणी तेवढंच असतं, पण तापलेल्या हवेत मावणाऱ्या पाण्याच्या मानाने ते काहीच नसतं, त्यामुळे ती हवा चकतीतून पाणी ओढून घेते. पण ओटीजीचं दार घट्ट बंद ठेवलं तर हीच हवा चकत्यांच्या वाफेने भरते आणि फळ वाळण्याऐवजी शिजायला लागतं. दाराच्या फटीत लाकडी उलथन्याचा दांडा अडकवून बोटभर जागा उघडी ठेवा. वाफ बाहेर गेली पाहिजे. याच कारणाने कढईत मीठ घालून, वर झाकण ठेवून केक करण्याची जी युक्ती आहे ती इथे चालत नाही. मायक्रोवेव्हही नको, तो पाणी असेल तिथे उसळी मारून तापवतो, चकती एका जागी जळते आणि दुसऱ्या जागी ओली राहते.

फळं आधी कोमट पाण्यात थोडा खाण्याचा सोडा घालून चोळून धुवा, कारण बाजारातल्या चकचकीत फळांवर मेणाचा थर असू शकतो. कोरडी पुसा. कापताना देठ डाव्या हाताला आणि सुरी देठाच्या रेषेला काटकोनात, तरच चाकाची नक्षी मिळते. देठापासून उभं कापलं तर फोडींचे लांबट पट्टे दिसतात, ते तोरणात ओळखूही येत नाहीत. पाव कापायची दात्यांची सुरी या कामाला उत्तम, ती साल दाबत नाही. विळीवर हात बसलेल्यांनी विळी वापरावी, पण जाडी सारखी ठेवणं कठीण जातं, आणि सगळं यश जाडीवर आहे. ५ ते ६ मिलिमीटर. त्याहून पातळ कापलं तर वाळल्यावर गर कागदासारखा फाटतो. ८ मिलिमीटरला वेळ दुप्पट लागतो आणि मध्यभागाची धास्ती राहते. एका ताटात जाड-पातळ मिसळली तर पातळ करपेपर्यंत जाड वाळत नाहीत, म्हणून कापून झाल्यावर वेगळ्या करा. दोन्ही टोकांच्या टोप्या सरबताला वापरा. बिया दातकोरणीने काढा. त्यांच्या जागी राहणारी भोकं वाळल्यावर शोभूनच दिसतात.

मग सुती पंच्यावर चकत्या मांडून वर दुसरा पंचा टाका, हलक्या तळहाताने टिपा, दहा मिनिटं तशाच ठेवा. पिळायचं नाही. फक्त वरचा रस गेला तरी ओटीजीतला अर्धा-पाऊण तास वाचतो.

चकत्या ताटलीत नको, जाळीवर हव्यात. ताटलीत रस खाली साचतो, त्यातली साखर आधी पाकासारखी होते आणि मग करपते, चकती चिकटून बसते. जाळी नसेल तर बेकिंगच्या कागदावर मांडा आणि दर अर्ध्या तासाने उलटा. जाळी असेल तर तासाला एकदा उलटली तरी पुरे. जाळीखाली एक ताटली ठेवा, नाहीतर थेंब खालच्या रॉडवर पडून धूर होतो. ओटीजीचा काटा बहुधा १०० अंशांच्या खाली जात नाही, आणि तो दाखवतो त्यापेक्षा आत दहा-वीस अंशांचा फरक असू शकतो. ओव्हनचा छोटा थर्मामीटर दुकानात मिळतो. भाजण्याच्या इतर कामातही तो उपयोगी पडतो. फक्त खालचा रॉड चालू ठेवा, जाळी मधल्या खोबणीत. ९५ ते १०० अंशांना साडेतीन ते पाच तास लागतात. फळाचा रस, सालीची जाडी आणि त्या दिवशीची हवा यांवर तासाभराचा फरक पडतो, तेव्हा घड्याळापेक्षा चकतीकडे पाहा. एअर फ्रायरमध्ये फळं वाळवण्याची सोय असेल तर ६० ते ७० अंशांवर रात्रभर ठेवता येईल. रंग सगळ्यात चांगला त्यातच येतो. वीज दोन्हीकडे जाते, तर एक-दोन फळांसाठी ओटीजी चालवू नका, जाळी भरून घ्या.

झालं की नाही हे ओळखण्यात बहुतेक जण फसतात. गरम चकती नेहमीच मऊ लागते, कारण तापलेली साखर मऊ असते. बाहेर काढलेली चकती पाच मिनिटं पंख्याखाली गार करा आणि मग तपासा. सालीजवळचा भाग आधी कडक होतो, मधला शेवटी. मधल्या पांढऱ्या टिंबाशेजारचा गर अंगठ्याने दाबा. खड्डा पडला किंवा बोटाला ओल लागली तर ती परत आत. चिकट पण न दबणारी असेल तर बाहेर काढून रात्रभर जाळीवर पंख्याखाली ठेवा, उरलेलं पाणी तिथे जाईल. हाताने कळत नसेल तर वजनकाटा खोटं बोलत नाही: अर्धा किलो ओल्या चकत्या पुरत्या वाळल्यावर साधारण ८० ते १०० ग्रॅम भरतात. दीडशे ग्रॅम भरल्या तर अजून काम बाकी आहे.

विदर्भ-मराठवाड्यात राहणाऱ्यांना यातलं बरंच काम फुकटात होतं. नागपूर, अमरावती, जालना इथली डिसेंबरची हवा कोरडी, ऊन स्वच्छ. पंच्यावर मांडून, वर मलमल टाकून चार-पाच दिवस उन्हात ठेवलं तर चकत्या वाळतात. खाटेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, मुंग्यांना साखरेची बातमी लगेच लागते. ऊन उतरण्याआधी सगळं घरात. दंव पडलं की दिवसभराची मेहनत वाया. आणि शेवटी अर्धा तास ओटीजीत घालून कोंडलेली ओल काढून टाका. कोकणात आणि मुंबईत केवळ उन्हावर विसंबू नका. आधी दोन तास ओटीजी, मग दिवसाचं ऊन, असं चालतं.

सफरचंद सोपं आहे, पण त्याचा एक नखरा आहे. कापल्याबरोबर हवेतल्या प्राणवायूने त्याचा गर काळवंडतो. लिंबाचा रस पिळलेल्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा, आम्लाने तो काळवंडण्याचा वेग मंदावतो. आडवं कापलं तर मधोमध बियांच्या घरांची पाच टोकांची चांदणी दिसते, आणि नाताळला चांदणीहून योग्य आकार कुठला? चकती ३ ते ४ मिलिमीटरच ठेवा, ती वाळताना कडा वर वळतात, त्या वळू द्या. आपलं कागदी लिंबू मात्र नको. साल पातळ, आकार लहान, आणि वाळल्यावर ते लोणच्यातून काढल्यासारखं दिसतं.

ओवण्यासाठी भोक कधी पाडायचं? चकती जवळजवळ वाळली पण अजून लवचीक आहे तेव्हा. पुरती कडक झाल्यावर दाभण टोचलं तर तडकते. भोक सालीतून पाडू नका, सालीच्या आत, पांढऱ्या थराला लागून असलेल्या गरात पाडा. साल चकतीचा भार तोलते आणि गर दोरा सोडत नाही. एकाच भोकातून ओवलं तर चकत्या दोऱ्यावर फिरतात आणि पाहणाऱ्याला त्यांची नुसती कड दिसते. वरच्या अंगाला दोन बोटांच्या अंतरावर दोन भोकं पाडा, दोरा मागून पुढे आणि पुढून मागे काढा, म्हणजे सगळ्यांची तोंडं समोर राहतात. बारीक सुतळी किंवा जाड सुती दोरा चालेल. नायलॉनवर गाठ घसरते. ९० सेंटीमीटरच्या दाराला थोडा झोळ ठेवून सव्वा मीटर दोरा आणि दोन्ही टोकांना बांधायला वीतभर जादा. वाळलेली मोसंबी साधारण ६ सेंटीमीटरची असते, तेव्हा मध्ये मोकळी जागा सोडून नऊ-दहा चकत्या पुरतात. गच्च ओवू नका. उजेड आरपार जायला जागा हवी, त्यातच सगळी मजा आहे.

मधल्या जागांत चक्रीफूल आणि दालचिनी छान दिसते. इथे बाजारातली जाड सालीची, एकाच वळणाची, स्वस्त दालचिनीच घ्या. खरी सिलोनची पातळ पापुद्र्यांची दालचिनी सुतळीने आवळली की चुरते, आणि ती भातात घालण्याची वस्तू आहे. परदेशी चित्रांत जे पाईनचे शंकू असतात ते विकत आणू नका. कोकण किनाऱ्यावर कुठेही सुरूच्या बनात जा, सुरूची लहान काटेरी बोंडं वाळूत पसरलेली असतात. ती घरी आणून ओटीजीत १०० अंशांना वीस मिनिटं ठेवा, म्हणजे आतले किडे मरतात. वसई आणि मुंबईच्या वाड्यांमध्ये मुलं नाताळचा गोठा करतात, त्याच्या कडेने ही बोंडं आणि सफरचंदाच्या चांदण्या फार शोभतात.

लवंगा टोचलेलं अख्खं संत्रं हा या घराण्यातला सगळ्यात जुना प्रकार. मध्ययुगात युरोपात दुर्गंधीने रोग पसरतात असं मानत, आणि सुगंधी गोळे जवळ बाळगण्याची रीत होती. लवंगांचं संत्रं त्याच परंपरेत बसतं. लवंगेतलं तेल बुरशीला आवर घालतं, त्यामुळे कोरड्या थंड हवेत ते फळ हळूहळू आक्रसून दगडासारखं कडक होतं आणि बरेच महिने टिकतं. आपल्या किनाऱ्यावर त्याचा भरवसा नाही. शिवाय पूर्ण फळ झाकायला लवंगा किती लागतात आणि किलोचा भाव काय, हे पाहिलं तर हात आखडतो. तेव्हा दाभणाने भोकं पाडून फक्त एक-दोन ओळींची नक्षी करा, जेवणाच्या टेबलावर वाटीत ठेवा, आणि चार-पाच दिवसांनी टाकून द्या. तेवढ्या दिवसांत घरभर वास दरवळतो.

गोव्यात चतुर्थीला गणपतीच्या वर माटोळी बांधतात, नारळ, सुपारीचे घोस, कवंडळ, तोरिंजन अशी फळं लाकडी चौकटीला लटकवतात. फळांनी सण सजवणं आपल्याकडेही मुरलेलं आहे. ती फळं ओलीच असतात, कारण गणपती गेले की माटोळीही उतरते, टिकवण्याचा प्रश्नच नाही. नाताळचं तोरण मात्र डिसेंबरच्या सुरुवातीला चढतं आणि नव्या वर्षापर्यंत राहतं, म्हणून वाळवण्याचा एवढा खटाटोप.

तोरण लावल्यावर दोन गोष्टी सांभाळा. मेणबत्त्यांजवळ ते लावायचं नाही. संत्र्याच्या सालीतलं तेल ज्वालाग्राही असतं. मेणबत्तीजवळ साल पिळली तर ठिणग्या उडतात हे लहानपणी सगळ्यांनी केलेलं असतं. एलईडीच्या माळा चालतात, त्या तापत नाहीत. दुसरं, थेट उन्हाची खिडकी टाळा. तिथे चकत्या सगळ्यात सुंदर दिसतात हे खरं, पण फळाचा केशरी रंग उजेडाने हळूहळू उडतो आणि जानेवारीपर्यंत त्या फिक्या पडतात. चार दिवसांच्या पाहुण्यांसाठी खिडकी, महिनाभरासाठी आतली भिंत. वार्निश मारण्याचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. आतली ओल त्याखाली कोंडते, आणि नंतर ती चकती खतातही टाकता येत नाही. टांगलेल्या चकत्या खायच्या नाहीत, मुलांना आधीच बजावून ठेवा.

दमट दिवशी चकत्या चिकट होतील. साखर हवेतलं पाणी ओढून घेते, त्यात बिघडलं काही नाही. १०० अंशांना वीस-पंचवीस मिनिटं ठेवल्या की पुन्हा खुटखुटीत होतात. सण संपल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवल्या तर पुढच्या वर्षीही वापरता येतात, पण मुंबईच्या पावसाळ्यात मधूनमधून डबा उघडून पाहावा लागतो. एकीवरही बुरशीचा ठिपका दिसला तर ती आणि तिच्याजवळच्या सगळ्या टाकून द्या.

पहिल्यांदा करणाऱ्यांनी एक किलो मोसंबी, दोन किन्नो आणि दोन सफरचंदं एवढंच आणावं, आणि नाताळच्या किमान दहा दिवस आधी एखादा रविवार मोकळा ठेवावा. उरलेल्या सालीच्या टोप्या फेकू नका. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पंधरा दिवस बुडवून गाळल्या तर ओट्यावरचे आणि काचेवरचे डाग पुसायला चांगलं पाणी तयार होतं. संगमरवरावर मात्र ते वापरू नका, आम्ल दगड खातं.